'सूर'चा 'शूर' कसा झाला: आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेतल्या एका बिघाडाचा माग

ज्यांना दिसत नाही अशांना बोलून टिपणं ठेवता यावीत म्हणून आम्ही काही जण एक छोटं ॲप चालवत होतो. फोनवर बोलायचं, आवाज सर्व्हरवर जायचा, तिथलं मॉडेल त्याचा मजकूर करायचं आणि हवा तेव्हा फोन तो वाचून दाखवायचा. वापरणाऱ्यांमध्ये गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. प्रत्येक विद्यार्थ्याचा तास संपला की त्या त्याच्याबद्दल दोन-चार वाक्यं बोलून ठेवत. त्यांची तक्रार अगदी थोडक्यात होती: "मी 'सूर' म्हणते, तुमचं यंत्र 'शूर' लिहितं. रोज."

डोळस माणसाला अशी चूक पडद्यावर दिसते आणि तो ती तिथल्या तिथे सुधारतो. या बाईंना ती कळायची ती पुढच्या तासाआधी टिपण वाचून घेताना, म्हणजे कधी कधी आठवड्यानं. तोवर आपण नेमकं काय म्हणालो होतो हे त्यांनाही आठवत नसे. त्यामुळे 'पुढच्या आवृत्तीत बघू' म्हणण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

आम्ही इतरांच्या परवानगीनं त्यांचीही टिपणं तपासली तेव्हा 'साल'चं 'शाल', 'कोस'चं 'कोश', 'पास'चं 'पाश', 'सील'चं 'शील' झालेलं सापडलं. चूक एकाच दिशेनं होत होती. 'श' म्हटलं की 'श'च यायचा. घसरत होता तो फक्त 'स'. आणि ही घसरण सुट्या शब्दांत जास्त दिसायची. 'गेल्या सालचा हिशोब' बरोबर उमटायचं, पण नुसतं 'साल' म्हटलं की 'शाल' व्हायची. याचं कारण समजण्यासारखं होतं. लांब वाक्यात मॉडेल आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं आणि कानानं केलेली चूक भाषेच्या जाणिवेनं झाकून टाकतं. एकट्या शब्दाला तो आधार नसतो. म्हणजे चूक सगळीकडे होत होती, उघडी फक्त काही ठिकाणी पडत होती.

आधी केलेले दोन उपाय

पहिला उपाय सगळे करतात तोच: मॉडेलला आणखी आवाज ऐकवा. 'स' आणि 'श' असलेले भरपूर शब्द गोळा केले, मॉडेलचं ट्रेनिंग पुन्हा केलं. इतर बारीकसारीक चुका कमी झाल्या, 'शूर' मात्र जागचा हलला नाही.

दुसरा उपाय गोंगाट काढण्याचा. रेकॉर्डिंगमध्ये बारीक खरखर ऐकू येत होती, तेव्हा ती आधी साफ करू आणि मग मॉडेलकडे देऊ, असं ठरलं. ही कल्पना जुनी आहे. १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे याचा आलेख, वजा करण्याची पद्धत मांडली: कुणी बोलत नसताना गोंगाटाचा वर्णपट कसा आहे ते मोजायचं आणि बोलण्यातून तेवढा वजा करायचा. आजची साधनं न्यूरल नेटवर्कवर चालतात, पण त्यांनाही शेवटी 'यातलं बोलणं कोणतं आणि गोंगाट कोणता' हेच ठरवावं लागतं.

साफ केलेला आवाज मॉडेलला दिला आणि 'सूर'चा 'ऊर' झाला.

मला हा निकाल फार बोलका वाटला. 'स' म्हणताना स्वरतंतू कंपत नाहीत. जीभ आणि दातांमागची हिरडी यांच्यातल्या चिंचोळ्या फटीतून हवा घासत जाते, तिचा तो आवाज. त्याला पट्टी नाही, ठरावीक आवर्तन नाही. मोजमापाच्या भाषेत 'स' हा स्वतःच एक गोंगाट आहे. तरीही गोंगाट काढणारी चांगली साधनं त्याला सहसा हात लावत नाहीत, कारण बोलण्यातल्या 'स'ची वरच्या पट्ट्यातली जागा त्यांना शिकून माहीत असते. आमच्याकडे त्या साधनानं 'स' उचलून कचऱ्यात टाकला होता. म्हणजे आमचा 'स' त्याच्या नेहमीच्या जागी नव्हता. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं ते आणखी काही दिवसांनी, फोनांची यादी बघताना.

फोनांची यादी

चुका बोलणाऱ्यांप्रमाणे लावून पाहिल्या, खोलीतल्या गोंगाटाप्रमाणे लावून पाहिल्या. काहीच जुळेना. मग एका सहकाऱ्यानं त्या फोनप्रमाणे लावल्या आणि यादी सरळ दुभंगली. काही फोनांवरून येणारा 'स' कायम बरोबर, काहींवरून कायम चूक. एका वापरकर्त्यानं मध्येच फोन बदलला होता. माणूस तोच, खोली तीच, तरी बदललेल्या दिवसापासून त्याच्या 'साल'ची 'शाल' होत होती.

दोन्ही गटांत फरक एकच निघाला. फोन आवाजाची लहर ठरावीक अंतरानं मोजून आकड्यांत साठवतो; असा प्रत्येक आकडा म्हणजे एक सॅम्पल. 'बरे' फोन सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेत होते, 'आजारी' फोन ४८,०००. ऐकायला उलटं वाटतं, कारण जास्त सॅम्पल म्हणजे जास्त तपशील असंच कुणालाही वाटेल. पण सर्व्हरकडे पाठवण्याआधी आमचं ॲप दोन्ही प्रकारचा आवाज ८,०००वर आणायचं, जागा आणि डेटा वाचावा म्हणून. ८,००० हा आकडा टेलिफोनच्या जगातून आलेला. तिथे ३०० ते ३,४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) एवढाच आवाज तारेवरून न्यायचा म्हणून सेकंदाला ८,००० सॅम्पल पुरतात, आणि १९७२ च्या जी.७११ या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हाच दर आहे.

आता मी हेडफोन लावून बसलो. बाईंचं 'सूर' दहा वेळा ऐकलं, मला दहाही वेळा 'सूर'च ऐकू आलं. शब्द मला आधीच ठाऊक होता ना! मग तेच तुकडे, पुढचं-मागचं काढून, काहीच माहीत नसलेल्या एका सहकारी मैत्रिणीला ऐकवले आणि ऐकू येईल ते लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं: शूर. त्या क्षणी मॉडेलवरचा माझा संशय संपला. यंत्र बरोबर ऐकत होतं. त्याच्यापर्यंत पोचणारा आवाजच 'शूर' होता.

स्पेक्ट्रोग्राममध्ये काय दिसलं

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर वारंवारता, आणि जिथे ऊर्जा जास्त तिथे रंग गडद. आवाजाचे साधारण २५ मिलिसेकंदांचे तुकडे घ्यायचे, दर वेळी १० मिलिसेकंद पुढे सरकायचं आणि प्रत्येक तुकड्याचा वर्णपट काढायचा. २५ मिलिसेकंदच का? कारण तेवढ्या वेळात जीभ-ओठ फारसे हलत नाहीत, पण स्वरतंतूंची दोन-चार आवर्तनं त्यात मावतात. तुकड्याच्या कडा एकदम तोडल्या तर वर्णपटात खोटे डाग पडतात, म्हणून दोन्ही टोकांना हळूहळू विझत जाणारी खिडकी लावतात. आवाज ओळखणारी बहुतेक मॉडेलंही हेच चित्र 'बघतात', फक्त उभा अक्ष कानाच्या जाणिवेप्रमाणे ताणून-आवळून.

दोन फोनांवरचं 'सूर' शेजारी शेजारी ठेवलं. उजवीकडचा 'ऊ' दोन्हींत सारखाच, खाली ३०० आणि ८०० हर्ट्झच्या आसपास दोन जाड पट्टे. शेवटी 'र'ची एक छोटी खाच. डावीकडे 'स'च्या जागी मात्र जमीन-अस्मानाचा फरक. ४४,१०० वाल्या फोनवर तिथे जवळजवळ काही नव्हतं, छताला टेकून एक फिकट धूसर पट्टी तेवढी. ४८,००० वाल्यावर ३,००० ते ३,५०० हर्ट्झच्या मध्ये काळाभोर ढग.

'स'ची मुख्य ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते, 'श'ची २,५०० पासून वर. आणि 'सू' म्हणताना ओठ 'ऊ'च्या तयारीनं आधीच गोल होतात, त्यामुळे 'स'ची शिट्टी जरा खाली उतरते, ४,५०० ते ५,००० कडे. आता ८,००० दरानं जास्तीत जास्त ४,००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज धरता येतो; नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि शॅनन यांच्या १९४९ च्या कामापासून ही मर्यादा ठाऊक आहे. मग ४,५०० ते ५,००० वरची शिट्टी गेली कुठे? नीट गाळली असती तर ती नाहीशी व्हायला हवी होती, जशी 'बऱ्या' फोनवर झाली. इथे ती खाली येऊन बसली होती. ८,००० मधून ५,००० वजा केले की ३,००० उरतात. ८,००० मधून ४,५०० गेले की ३,५००. ढग नेमका तिथेच होता.

खात्री करण्यासाठी सोपी चाचणी केली. १०० हर्ट्झपासून १०,००० हर्ट्झपर्यंत संथपणे चढत जाणारा एकच सूर संगणकावर ४८,००० दरानं तयार केला, आणि स्पीकर-मायक्रोफोन मध्ये न आणता तो थेट ॲपच्या त्या टप्प्यातून सोडला. बाहेर आलेल्या फाइलच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये एक रेघ तिरकी वर चढत गेली, ४,००० ला छताला लागली आणि तिथून परत खाली यायला लागली. तळाला टेकली आणि पुन्हा वर. गाळणी असती तर रेघ छताजवळ विरून गेली असती. आमच्या पडद्यावर करवतीचे दात उमटले होते.

सहावं सॅम्पल

कोड उघडला. ४८,००० भागिले ८,००० बरोबर ६. म्हणून कुणीतरी, अगदी सुरुवातीच्या दिवसांत, फक्त जोडणी तपासायला, दर सहावं सॅम्पल उचलणारी एक ओळ लिहिली होती. पुढे ती तशीच राहिली, आणि तो कोड आम्ही सगळ्यांनी, मीही, वाचून मान्य केला होता. ४४,१०० ला ८,००० नं भागलं की ५.५१२५ येतात. तिथे 'दर कितवं' हा प्रश्नच लागू होत नाही, म्हणून त्या फोनांसाठी तयार लायब्ररी वापरली गेली, आणि लायब्ररी गाळणी लावूनच दर बदलते. भागाकार सुटसुटीत होता तिथेच आम्ही फसलो.

दर सहावं सॅम्पल घेतल्यानं सूर खाली का येतो, हे मी सहकाऱ्यांना घड्याळाच्या काट्यावर समजावलं. ५,००० हर्ट्झची लहर म्हणजे सेकंदाला ५,००० फेऱ्या मारणारा काटा. आपण सेकंदाला ८,००० वेळा डोळे उघडतो. दोन नजरांच्या मध्ये काटा ५/८ फेरी पुढे गेलेला असतो. पण ५/८ पुढे जाणं आणि ३/८ मागे जाणं यात काटा शेवटी एकाच जागी दिसतो. आपल्याला मधलं काही दिसत नाही, म्हणून ती ३,००० हर्ट्झचीच लहर ठरते, आणि सॅम्पलचे आकडेही हुबेहूब तेच येतात. याला एलियासिंग म्हणतात: एका वारंवारतेनं दुसरीचं नाव लावून येणं. म्हणूनच दर कमी करण्याआधी नव्या मर्यादेच्या वरचं सगळं गाळून टाकावं लागतं. ते काम लो-पास फिल्टर करतो.

आमच्या चाचण्यांत हे का दिसलं नाही? चाचणीचे सगळे आवाज संगणकावर थेट १६,००० दरानं रेकॉर्ड केलेले होते. ते ॲपच्या वाटेनं कधी गेलेच नव्हते. मॉडेलची परीक्षा आम्ही मनापासून घेतली, आणि आवाज ज्या वाटेनं मॉडेलपर्यंत येतो ती वाट एकदाही चालून पाहिली नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही.

दुरुस्ती

नुसता फिल्टर लावून ८,००० वर राहता आलं असतं. पण तसं केलं तर 'स' खोटा दिसायचा थांबतो, खरा मात्र दिसत नाही, कारण त्याचा गाभा ४,००० च्या वरच राहतो. फोनवर नाव सांगताना 'स' की 'फ' असं विचारावं लागतं ते यामुळेच. शिवाय मॉडेल १६,००० दराच्या आवाजावर शिकलेलं होतं. आमचा ८,००० चा आवाज सर्व्हर पुन्हा १६,००० वर ताणायचा, पण ताणल्यानं नवी माहिती येत नाही, वरचा अर्धा भाग रिकामाच राहतो. मॉडेल बघतं ते मेल मापाचं चित्र. हे माप स्टीव्हन्स, फोकमन आणि न्यूमन यांनी १९३७ मध्ये माणसांना सुरांची उंची कशी जाणवते यावरून मांडलं: खालच्या वारंवारता मोकळ्या, वरच्या दाटीवाटीनं. नेहमीच्या सूत्रानं ४,००० हर्ट्झ म्हणजे सुमारे २,१४६ मेल आणि ८,००० म्हणजे सुमारे २,८४०. आमच्या मॉडेलला ८० पट्ट्या लागत, त्यातल्या वरच्या साधारण २० कायम कोऱ्या जात होत्या. शिकताना कधी न पाहिलेलं चित्र आम्ही त्याला रोज दाखवत होतो.

म्हणून ॲप आता १६,००० दरानं आवाज पाठवतं. ४८,००० वरून येताना ७,००० हर्ट्झपर्यंत सगळं जसंच्या तसं जाऊ द्यायचं आणि ८,००० च्या पुढे ६० डेसिबलनं, म्हणजे हजारात एक इतकं, दाबायचं. फिल्टर किती लांब हवा हे सांगणाऱ्या कैसरच्या सूत्रानं यासाठी साधारण १७५ गुणक लागतात, म्हणजे प्रत्येक नव्या सॅम्पलसाठी तितके गुणाकार. जे सॅम्पल ठेवायचं त्याच्यापुरतंच गणित केलं तर सेकंदाला सुमारे २८ लाख गुणाकार होतात, आणि फोनला त्यांचं काहीच वाटत नाही. ज्या बचतीसाठी ही गाळणी सुरुवातीला टाळली गेली, ती इतकी किरकोळ होती. डेटा वाढेल ही भीती होती, ती आवाज ऑपस या कोडेकमध्ये, म्हणजे फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत, दाबून मिटवली.

चढत्या सुराची चाचणी पुन्हा केली. रेघ वर गेली आणि छताशी विझली. बाईंनी नव्या आवृत्तीत पहिलंच वाक्य बोलून पाहिलं, 'सूर' 'सूर'च उमटला.

एक सहकारी या सगळ्यावर म्हणाला की आता मॉडेलं कच्च्या लहरीवरूनच शिकतात, मेल-बिल कुणी वापरत नाही, मग ही जुनी विद्या कशाला उगाळायची? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०२० चं वेव्ह-टू-व्हेक २.० हे मॉडेल थेट लहर घेतं. पण तेही १६,००० दराचीच लहर मागतं, आणि त्याच्या पहिल्या थरांचा प्रत्येक आउटपुट २५ मिलिसेकंदांवरच नजर टाकतो. आमचा बिघाड तर त्याच्याही आधीचा होता. सहावं सॅम्पल उचललं गेल्यावर पुढे कोणतंही मॉडेल ठेवा, त्याच्या हाती 'शूर'च पडणार.

राहिलेल्या लहान चुका वेगवेगळ्या मायक्रोफोनमुळे होत्या. प्रत्येक मायक्रोफोन वर्णपटाला आपल्या पद्धतीनं गुणतो. लॉगरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि कायम असलेली बेरीज सरासरी वजा केली की निघून जाते. बिष्णू अटल यांनी १९७४ मध्ये वक्ता ओळखण्याच्या कामात हे वापरून दाखवलं, आणि आमच्याकडेही ते एका ओळीत बसलं. खोलीच्या घुमण्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. घुमलेला आवाज २५ मिलिसेकंदांत न मावता पुढच्या कितीतरी तुकड्यांत सांडतो. तिथे आम्ही फोन तोंडाजवळ धरायची सूचना बोलून देतो, आणि ती आमच्या प्रत्येक फिल्टरपेक्षा जास्त कामाची ठरली आहे.

जुनी रेकॉर्डिंग

उरला प्रश्न आधीच्या टिपणांचा. मूळ ४८,००० चा आवाज कुठेच ठेवलेला नव्हता. ३,००० ची खरी ऊर्जा आणि ५,००० वरून खाली आलेली ऊर्जा एकाच आकड्यात मिसळली होती. बेरीज आठ आहे एवढंच सांगितल्यावर ती तीन-पाचची की दोन-सहाची हे जसं सांगता येत नाही, तसं इथेही. मागे जायची वाट नाही.

मग उलट्या बाजूनं गेलो. स्वच्छ, ४८,००० दराचे आवाज घेतले, तेच चुकीचं 'दर सहावं सॅम्पल' त्यांच्यावर मुद्दाम चालवलं आणि त्या बिघडलेल्या आवाजांवर एक वेगळं मॉडेल शिकवलं, फक्त जुन्या फाइलींसाठी. त्याला धागा सापडला तो पुढच्या स्वरात. 'श'नंतर जीभ मागे आणि वर असते, त्यामुळे स्वराचा दुसरा जाड पट्टा जरा उंचावर सुरू होऊन खाली येतो. 'स'नंतर तो तितका उंच नसतो. हा उतार ४,००० च्या बराच खाली असल्यानं बिघाडातून शाबूत राहिला होता. बरीच टिपणं अशी सुधारली. सगळी नाही.

बाईंच्या टिपणांत शेवटी मूठभर 'शूर' उरले. कुणीतरी सुचवलं की गाण्याच्या बाई आहेत, सरसकट 'सूर' करून टाका. त्यांना विचारलं तर त्या नको म्हणाल्या, एकेक ऐकवा म्हणाल्या. ऐकवले. एक सोडून सगळे 'सूर' निघाले. त्या एका टिपणात त्या एका मुलीबद्दल बोलत होत्या: "आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर एकटी गायली. शूर आहे पोर."